धुक्यात पॉइंट दिसत नाहीत, तेव्हा महाबळेश्वरला काय करावे?

वाचकाचे पत्र : आम्ही सोलापूरचे, घरात पाच माणसे. मागच्या वर्षी १५ ऑगस्टला जोडून सुट्ट्या आल्या म्हणून तीन दिवस महाबळेश्वरला गेलो. पहिल्याच दिवशी गाडी करून नऊ पॉइंट पाहिले, पण नऊही ठिकाणी पांढऱ्या धुक्याशिवाय काही दिसले नाही. उरलेले दोन दिवस खोलीत गेले. मुले मोबाइलमध्ये, यजमान चिडलेले आणि गुडघेदुखीने बेजार असलेल्या बहात्तर वर्षांच्या सासूबाई खिडकीशी बसून. यंदा त्याच सुमारास यजमानांना कार्यालयाकडून तिथलीच चार दिवसांची खोली मिळाली आहे. मुलगा बारा वर्षांचा आहे, मुलगी सात वर्षांची. जावे की रद्द करावे? गेलोच तर पावसात करायचे काय? सासूबाईंना या वेळी नणंदेकडे ठेवावे असे यजमान म्हणतात, ते योग्य होईल का?
— एक वाचक भगिनी, सोलापूर

सस्नेह नमस्कार.

खोली रद्द करू नका. मागच्या वर्षी तुमचा जो विरस झाला त्याचे खापर तुम्ही पावसावर फोडले आहे. पण तुमचे पत्र दोनदा वाचल्यावर मला असे वाटते की, चुकला तो बेत. महाबळेश्वरचे बहुतेक पॉइंट म्हणजे खोल दरीच्या कडेवरच्या जागा आहेत आणि तिथे जाऊन पाहायची असते ती समोरची दरी. ऑगस्टमध्ये त्या दरीत ढग मुक्कामाला असतो. हे गाव थंड हवेचे ठिकाण म्हणून वसवले गेले तेच मुळी उन्हाळ्यासाठी. मुंबई इलाख्याचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या पुढाकाराने १८२८ च्या सुमारास इथे वसाहत उभी राहू लागली, आणि पुढे इलाख्याचे सरकार उन्हाळ्यात इथे येत असे, पण पावसाळा तोंडावर आला की ते सगळे पुण्याला उतरत असत. म्हणजे ‘एका दिवसात इतके पॉइंट’ हा जो बेत गाडीवाला तुम्हाला देतो, तो एप्रिल-मे महिन्यांचा आहे. तो ऑगस्टमध्ये वापरला की नऊ ठिकाणी एकच धुके दिसते, यात ना धुक्याचा दोष ना तुमच्या नशिबाचा.

पावसाळ्यात इथे बेत आखायचा तो दिशा पाहून. ही एक गोष्ट यजमानांना नकाशा पुढे ठेवून समजावून सांगा, कारण पुढचे सगळे तिच्यावर अवलंबून आहे. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पाने भरलेले वारे सह्याद्रीच्या उभ्या भिंतीवर आदळतात, वर चढतात, थंड होतात आणि आपले ओझे घाटमाथ्यावरच रिते करतात. महाबळेश्वर नेमके त्या माथ्यावर आहे, म्हणून तिथे वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो; तुमच्या सोलापुरात वर्षभरात पडतो त्याच्या सात-आठ पट. मात्र तेच वारे पूर्वेकडे सरकले की झपाट्याने कोरडे होत जातात. पाचगणी अवघ्या वीसेक किलोमीटरवर आहे, पण तिथला पाऊस महाबळेश्वरच्या साधारण एक तृतीयांश असतो, आणि पसरणीचा घाट उतरून वाईत आलात की तो आणखी कितीतरी कमी होतो. माझे बालपण वाईत गेले. दुपारी अंगणात कपडे वाळत असत आणि त्याच वेळी पाचगणीच्या डोक्यावर काळेकुट्ट आभाळ दिसत असे. ‘वर लागलाय’ एवढेच घरातले म्हणत आणि आपल्या कामाला लागत. तेव्हा महाबळेश्वरात पावसाने कोंडून घातले की पश्चिमेच्या कड्यांकडे गाडी नेऊन धुक्याला धडका देण्यापेक्षा पूर्वेकडे वळा. तासाभराच्या अंतरावर वेगळे हवामान सापडण्याची शक्यता खूप मोठी असते.

दिवसाचा निर्णय मात्र आदल्या रात्री नव्हे, सकाळी चहा घेताना करायचा. हवामान खात्याचा सातारा जिल्ह्याचा इशारा रोज पाहावा. लाल इशारा असेल तर गाडी बाहेर काढायचीच नाही, या नियमाला घरात कोणाचाही अपवाद नसावा. २३ जुलै २०२१ रोजी सकाळी संपलेल्या चोवीस तासांत महाबळेश्वरात ५९४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली होती, आणि त्या दिवसांत या भागात दरडी कोसळल्या, रस्ते तुटले. हे तुम्हाला घाबरवण्यासाठी सांगत नाही. इथला पाऊस सोलापुरातल्या पावसासारखा तासाभरात मोकळा होत नाही, एवढे मनाशी पक्के असावे म्हणून सांगते. इशारा नारिंगी असेल तर गावातल्या गावात राहावे. पिवळा असेल किंवा काहीच नसेल तर दिवसाला एक, फक्त एकच, बाहेरचा बेत करावा. सकाळी निघावे आणि दिवेलागणीच्या पुष्कळ आधी परत यावे, कारण संध्याकाळी धुके दाटते आणि घाटात पुढच्या गाडीचा दिवा ती हातभर अंतरावर येईपर्यंत दिसत नाही. स्वतः गाडी चालवण्याचा आग्रह यजमानांनी या चार दिवसांपुरता सोडावा आणि तिथल्या चालकाची गाडी ठरवावी, असेही मी सुचवेन.

आता नेमके काय पाहावे ते सांगते. पहिला दिवस क्षेत्र महाबळेश्वरासाठी ठेवा. बाजारपेठेपासून हे जुने गाव सहाएक किलोमीटरवर आहे आणि मंदिरात पाऊस आड येत नाही. पंचगंगा मंदिरात गोमुखातून पाण्याची धार पडते, आणि कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री व गायत्री या पाच नद्यांचे पाणी इथे एकत्र येते अशी श्रद्धा आहे. भर पावसाळ्यात ही धार पाहणे आणि उन्हाळ्यात ती पाहणे यांत फार फरक आहे. पावसाळ्यात सगळा डोंगरच पाझरत असतो आणि नदी जन्माला येते म्हणजे काय होते, हे सात वर्षांच्या मुलीलाही न सांगता कळते. मुलाला मात्र थोडे अधिक सांगा. याच डोंगरावरून सावित्री पश्चिमेला कोकणात उतरते आणि बाणकोटच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळते. कृष्णा पूर्वेला वळते, माहुलीला वेण्णेला आणि कऱ्हाडला कोयनेला पोटात घेते, पुढे रायचूरच्या बाजूला तुमच्या सोलापूरकडून आलेली भीमा तिला भेटते, आणि ते सगळे पाणी बंगालच्या उपसागरात जाते. छपरावर पडलेला थेंब कोणत्या उताराला लागतो यावर त्याचा समुद्र ठरतो. पंढरपूरला चंद्रभागेत पाय बुडवलेल्या मुलाला हे ऐकून जो आनंद होईल, तो दहा पॉइंट पाहून होणार नाही, याची मला खात्री आहे.

शेजारीच महाबळेश्वराचे मंदिर आहे, जिथे १६६५ साली शिवाजी महाराजांनी जिजाऊंची सुवर्णतुला केली. तिथून थोडे पुढे कृष्णाबाईचे जुने दगडी मंदिर आहे. तिकडे गर्दी फार कमी असते आणि पावसात ती जागा विलक्षण शांत असते. फरशी शेवाळलेली असते, म्हणून तिथे सासूबाईंना नेऊ नका आणि मुलांना पळू देऊ नका.

ज्या दिवशी वर पावसाचा जोर असेल पण घाट मोकळा असेल, तो दिवस वाईचा. तीच कृष्णा तुम्हाला इथे भरून वाहताना दिसेल. काठावर ढोल्या गणपतीचे मंदिर आहे. १७६२ साली रास्त्यांनी ते बांधले. मूर्ती एवढी भव्य आहे की मुलीला ती पाहण्यासाठी मान वर करावी लागेल. पाणी चढलेले असेल तर घाटाच्या पायऱ्या उतरू नका, दुरूनच पाहा. वाईपासून तीनेक किलोमीटरवर मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आहे. चौकांमागून चौक, जुनी भित्तिचित्रे, लाकडी खांब आणि मागे नदीवरचा घाट. आणि त्या घाटावरच्या मंदिरापाशी वसईच्या स्वारीत मिळालेली पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे. चौकात पडणारा पाऊस ओसरीवर बसून पाहणे, हे हल्लीच्या मुलांच्या वाट्याला येत नाही. तिथे घाई करू नका. मार्गदर्शकाने सांगितलेले ऐकून झाल्यावरही अर्धा तास नुसते बसा.

मी तुमच्या जागी असते तर एक पूर्ण दिवस भिलारसाठी ठेवला असता. पाचगणी आणि महाबळेश्वर यांच्या दरम्यान, मुख्य रस्त्यापासून जरा आत असलेले हे स्ट्रॉबेरीचे गाव ४ मे २०१७ पासून ‘पुस्तकांचे गाव’ म्हणून ओळखले जाते. वेल्समधल्या हे-ऑन-वे या गावावरून ही कल्पना सुचली; पण तिथे पुस्तकांची दुकाने आहेत, आणि इथे राज्य शासनाच्या मराठी भाषा विभागाने व राज्य मराठी विकास संस्थेने गावकऱ्यांच्या राहत्या घरांत पुस्तके ठेवली. सुरुवात पंचवीस ठिकाणांनी झाली. कोणाच्या घरी कादंबऱ्या, कोणाकडे संतसाहित्य, कुठे इतिहास, कुठे बालसाहित्य, अशी वाटणी आहे. घराबाहेर तशी पाटी असते, आत बसायला खुर्च्या असतात, हवे ते पुस्तक काढून वाचत बसावे, त्याचे पैसे पडत नाहीत. विचार करा, बाहेर पागोळ्या गळताहेत, सासूबाई एखाद्या घरात संतचरित्र उघडून बसल्या आहेत, मुलगी चित्रांच्या गोष्टीत रमली आहे, मुलगा पलीकडच्या घरात गडकिल्ल्यांची पुस्तके चाळतो आहे, आणि कोणीही कोणाला ‘चला, उशीर होतोय’ म्हणत नाही. पावसाळ्यात सहलीवर करण्याजोगे याहून चांगले काम मला ठाऊक नाही. दोन गोष्टींचे भान ठेवा. ती माणसांची घरे आहेत, तेव्हा ओल्या चपला आणि रेनकोट बाहेर ठेवावेत आणि आत जाताना विचारून जावे. आणि त्या दिवशी कोणती घरे उघडी आहेत याची चौकशी निघण्यापूर्वी करावी. जेवणाचेही गावातच विचारा. गरम भाकरी-पिठले मिळाले तर हॉटेलातले जेवण विसराल.

बाजाराबद्दल थोडक्यात. संध्याकाळी पाऊस जरा थांबला की पेठेत एक चक्कर मारावी, चणे, चपला, जेली-सरबते पाहावीत, कणीस खावे आणि परत यावे. स्ट्रॉबेरीचा हंगाम थंडीत सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतो, त्यामुळे ऑगस्टमध्ये ताज्या फळांचा हट्ट धरू नका. मध मात्र जरूर घ्या. महाबळेश्वर परिसरात सातेरी मधमाश्यांचे पालन पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे, आणि याच तालुक्यातले मांघर हे २०२२ साली देशातले पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. जांभूळ, हिरडा, गेळा अशा झाडांच्या फुलोऱ्याप्रमाणे मधाचा रंग आणि चव बदलते. दुकानदाराला चव दाखवायला सांगा आणि मुलांना फरक ओळखू द्या; अर्धा तास त्यातही सुखाने जातो. कास पठाराचे नाव तुम्हाला कोणीतरी सुचवेलच, पण तिथला फुलांचा मुख्य बहर सप्टेंबरात असतो, तेव्हा या खेपेस तो फेरा नको.

आता काय टाळावे ते. वेण्णा तलावातला नौकाविहार पावसाळ्यात सहसा बंद असतो, त्याची आशा मुलांना आधीपासून लावू नका. लिंगमळ्याचा धबधबा या दिवसांत खरोखर पाहण्यासारखा असतो. पण वाट निसरडी असते, म्हणून तो उघडा असेल तर यजमानांनी मुलांना घेऊन जावे, कठड्याच्या आत राहून पाहावे, आणि धबधब्याखाली किंवा त्याच्या पाण्यात उतरण्याचा मोह साफ टाळावा, कारण वर डोंगरात पडलेल्या सरीचे पाणी काही क्षणांत खाली येते आणि खाली उभ्या असलेल्याला त्याचा अंदाज लागत नाही. प्रतापगडाची ओढ बारा वर्षांच्या मुलाला असणार, हे मी समजू शकते. परंतु तिकडचा रस्ता आंबेनळी घाटाचा आहे आणि तो घाट पावसाळ्यात दरडींसाठी कुख्यात आहे. चार दिवसांत एखादी सकाळ खरोखर उघडी निघाली आणि स्थानिक चालकाने हरकत नाही म्हटले, तरच जा. नाही तर त्याला शब्द द्या की डिसेंबरात फक्त गडासाठी येऊ, आणि तो शब्द पाळा.

राहिला खोलीतला वेळ. त्याचीच तुम्हाला सर्वांत जास्त धास्ती आहे, आणि मला वाटते तोच वेळ तुम्ही सर्वांत चांगला घालवू शकाल, फक्त त्याची तयारी सोलापुरातून निघतानाच करायला हवी. पावसाचे माप हा मुलासाठी उत्तम उद्योग आहे. सरळ उभ्या भिंतींचा, तळाशी निमुळता न होणारा एक डबा आणि एक पट्टी सोबत न्या. डबा उघड्यावर, छपराच्या पागोळ्यांपासून दूर आणि वाऱ्याने कलंडणार नाही असा ठेवा. हवामान खाते दिवसाचा पाऊस सकाळी साडेआठला मोजते, तेव्हा त्यानेही रोज साडेआठलाच पट्टी बुडवून मिलिमीटर लिहून ठेवावेत आणि दुसऱ्या दिवशी प्रसिद्ध झालेल्या आकड्याशी ताडून पाहावेत. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरच्या पुढे गेला तर खाते त्याला ‘जोरदार’ म्हणते, ११५.६ पासून ‘अति जोरदार’, आणि २०४.४ च्या पुढे ‘अत्यंत जोरदार’. डबा लहान घेतला काय आणि मोठा घेतला काय, माप सारखेच का येते, हा प्रश्न त्याला विचारा आणि उत्तर लगेच सांगू नका.

मुलीसाठी सागरगोटे, कागद, रंग आणि पत्त्यांचे दोन जोड घ्या. पाच-तीन-दोन, बदाम सात, गुलामचोर हे डाव सासूबाईंना नक्की येत असणार. त्यांनाच ते शिकवायला सांगा, तुम्ही शिकवू नका. मोबाइलवर सरसकट बंदी घालू नये, कारण बंदी घातली की चारही दिवस त्याच विषयावर वाद होतो. रात्रीच्या जेवणाआधीचा एक तास त्याचा ठरवून द्या आणि तो तास यजमानांनाही लागू ठेवा. मोठ्या माणसाच्या हातात फोन असेल तर मुलांना काही सांगण्यात अर्थ उरत नाही.

सामानाविषयी दोन-चार बारकावे. वाऱ्यामुळे छत्री उलटते, म्हणून प्रत्येकाला रेनकोट हवा. ओले कपडे चार दिवस वाळणार नाहीत असे धरूनच जास्तीचे जोड घ्या आणि ओल्या बुटांत कोंबायला जुनी वर्तमानपत्रे घ्या. वीज जाते, म्हणून बॅटरी हवी. हॉटेलच्या अंथरुणाला या दिवसांत दमट वास येतो. घरच्या सोलापुरी चादरी नीट बांधून नेल्यात तर त्यांची किंमत तुम्हाला पहिल्याच रात्री कळेल. आणि कितीही गारठा वाटला तरी बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपू नका. तिच्या विषारी वायूला वास नसतो आणि झोपेत तो जिवावर बेततो.

शेवटी सासूबाईंबद्दल. त्यांना नणंदेकडे ठेवू नका. मागच्या वर्षी त्या खिडकीशी बसल्या, हे तुम्ही तक्रारीसारखे लिहिले आहे. पण त्यांना तिथे बसणे आवडत होते की नाइलाज होता, हे तुम्ही त्यांना विचारलेले पत्रात कुठे दिसत नाही. आधी विचारा. सोलापुरात आयुष्य गेलेल्या बाईला दिवसभर न थांबणारा पाऊस पाहण्यात रस असू शकतो. यायचे नाही असे त्यांनीच म्हटले तर गोष्ट वेगळी, पण त्यांच्या वतीने तुम्ही दोघांनी ठरवू नये. त्या येणार असतील तर हॉटेलला आजच दूरध्वनी करून तळमजल्यावरची, भिंतीला ओल नसलेली आणि शक्यतो पश्चिमेच्या झडीला तोंड करून नसलेली खोली मागा. न्हाणीघरात घसरू नये म्हणून रबरी पायपुसणे घरून न्या. गुडघ्याला शेकण्यासाठी गरम पाण्याची पिशवी घ्या. आणि त्यांच्या डॉक्टरांना विचारून दमट थंडीत लागणारी औषधे बरोबर ठेवा. पंचगंगा मंदिर, ढोल्या गणपती आणि भिलार या तिन्ही ठिकाणी त्यांना बरोबर नेता येईल, मात्र गाडी जितकी जवळ नेता येते तितकी नेऊन, हात धरून. लिंगमळ्याच्या वेळी त्या खोलीवर थांबतील, तेव्हा तुम्हीही त्यांच्याजवळ थांबा आणि धबधबा बाप-लेकरांना पाहू द्या. परत आल्यावर मुले काय काय सांगतात ते ऐकायला घरात दोन माणसे असलेली बरी, आणि तोवर डब्यात किती पाणी साचले तेही तुम्हा दोघींना पाहून ठेवता येईल.